बोर्ड नुसता पास, केबल लावली की नापास: रेडिएटेड एमिशनची पुन्हा पुन्हा येणारी अडचण

उपकरणातून हवेत किती रेडिओ गोंगाट पसरतो (रेडिएटेड एमिशन) हे लॅब तपासते, आणि नापास झालेल्यांच्या अहवालातला आलेख बहुतेकांचा सारखाच असतो. ३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात काट्यांसारख्या उभ्या रेघा, आणि त्यातल्या दोन-चार मर्यादेच्या वर गेलेल्या. बोर्ड छोटा, मायक्रोकंट्रोलर साधा, वायरलेस मॉड्यूल आधीच मान्यता मिळालेलं. काहीतरी दुरुस्ती करून बोर्ड परत लॅबमध्ये नेला की एक रेघ खाली बसते आणि शेजारची डोकं वर काढते. हौसेने बनवलेला डेव्हलपमेंट बोर्ड विकायला काढणाऱ्याची सगळ्यात जास्त दमछाक इथेच होते, कारण लॅबमधला प्रत्येक तास पैशात मोजला जातो आणि तिथे डोकं शांत ठेवून विचार करायला सवड नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे: ३०० मेगाहर्ट्झच्या खाली नापास होणारा छोटा बोर्ड बहुतेक वेळा स्वतः प्रसारण करतच नसतो, त्याला जोडलेली केबल करत असते. म्हणून बोर्डाची नवी आवृत्ती काढण्याआधी केबलवरचा करंट मोजा. हे मोजमाप घरच्या टेबलावर, स्वस्तातल्या साधनांनी होतं.

तुमची अडचण हीच आहे का?

आधी लांबीचा हिशोब बघा. १ मीटर केबल ७५ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीची असते आणि १५० मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगलांबीची. म्हणजे ती नेमकी त्या पट्ट्यातली चांगली अँटेना झाली. साडेसात सेंटिमीटरचा बोर्ड पाव तरंगलांबीचा व्हायला १ गिगाहर्ट्झ गाठावं लागतं. १०० मेगाहर्ट्झची रेघ एवढ्याशा बोर्डातून थेट हवेत जाणं अवघड, केबलवर चढून जाणं अगदी सोपं.

आता करंट किती लागतो ते बघा. केबलवरून एकाच दिशेने वाहणारा करंट, म्हणजे कॉमन मोड करंट, ५ मायक्रोअँपिअर असेल, वारंवारता ५० मेगाहर्ट्झ आणि केबल १ मीटर असेल, तर ३ मीटर अंतरावर साधारण १०५ मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढं क्षेत्र तयार होतं. अमेरिकेची दूरसंचार नियामक संस्था एफसीसी हिच्या नियमांच्या भाग १५ मध्ये घरगुती वापराच्या, म्हणजे क्लास बी उपकरणांना ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये ३ मीटरवर १०० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर एवढीच मुभा आहे. पाच मायक्रोअँपिअरला नापास! एलईडी पेटवायला आपण मिलिअँपिअरमध्ये करंट देतो, त्याच्या हजारो पट कमी करंट इथे पुरतो. म्हणूनच डोळ्यांना निर्दोष दिसणारी सर्किट्स नापास होतात, आणि म्हणूनच अंदाजाने केलेली दुरुस्ती क्वचितच लागू पडते.

खात्री करायची रीत सोपी आहे. बोर्ड बॅटरीवर चालवा, सगळ्या केबल काढा, फर्मवेअर तेच ठेवा. जवळ ठेवलेल्या अँटेनावर त्रास देणारी रेघ एकदम १०-२० डीबीने (डेसिबल, पातळीच्या प्रमाणाचं एकक) खाली गेली, तर दोष केबलच्या वाटेचा आहे. मग एकेक केबल परत लावत जा. कोणत्या केबलने रेघ वर येते ते लगेच कळतं. केबल काढूनही रेघ तशीच राहिली, तर वाट वेगळी आहे. तिच्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

टेबलावरची मोजणी

केबलवर बसवायचा, दोन अर्ध्या भागांत उघडणारा फेराइट, म्हणजे चुंबकीय सिरॅमिकचं कडं, घ्या. त्याच्या एका अर्ध्या भागावर बारीक इन्सुलेटेड तारेचे १० वेढे घाला आणि तारेची टोकं कोअॅक्सने (शील्ड असलेल्या केबलने) स्पेक्ट्रम अॅनालायझरच्या, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती सिग्नल आहे ते दाखवणाऱ्या यंत्राच्या, ५० ओहम इनपुटला जोडा. झाला करंट प्रोब. त्यातून पूर्ण केबल जाऊ द्या. केबलमधले जाणारे आणि परत येणारे करंट एकमेकांना खोडतात, उरतो तो कॉमन मोड करंट, आणि आपल्याला तोच हवा असतो. आदर्श हिशोबाने १० वेढ्यांच्या प्रोबवर ५ मायक्रोअँपिअरचे २५ मायक्रोव्होल्ट मिळतात, म्हणजे साधारण उणे ७९ डीबीएम (१ मिलिवॉटच्या तुलनेतली पातळी). प्रत्यक्षातला प्रोब थोडा कमी देतो, तरीही टायनीएसएसारख्या छोट्या अॅनालायझरला ही पातळी सहज दिसते. तेही नसेल तर आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर, चालतो. त्यात आपोआप गेन बदलण्याची सोय बंद करा, नाहीतर दोन मोजण्यांची तुलनाच होणार नाही.

रिझोल्यूशन बँडविड्थ, म्हणजे अॅनालायझर एका वेळी बघतो त्या पट्ट्याची रुंदी, १०० किलोहर्ट्झच्या आसपास ठेवा. लॅब ३० मेगाहर्ट्झ ते १ गिगाहर्ट्झमध्ये १२० किलोहर्ट्झ वापरते, त्यामुळे चित्र साधारण सारखं दिसतं. प्रोब केबलवर हळूहळू सरकवून बघा. करंट सगळीकडे सारखा नसतो, प्रत्येक वारंवारतेला त्याची शिगेची जागा वेगळी. त्या जागेवर प्रोब पक्का करा. बोर्ड आणि केबल पुठ्ठ्यावर चिकटपट्टीने जशीच्या तशी बसवा, टेबल धातूचं नको. केबल हातभर हलली तरी आकडा काही डीबीने बदलतो, आणि मग दुरुस्तीने फरक पडला की केबल हलल्याने, हे सांगता येत नाही. अॅनालायझरच्या कोअॅक्सवरही एक-दोन फेराइट चढवा, कारण तीही केबलच आहे आणि तीही अँटेना होते.

बोर्ड बंद करून एक आलेख आधी साठवून ठेवा. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रं दिसणारच, त्यांच्यामागे लागू नका.

मोजलेल्या आकड्याचं लॅबच्या आकड्यात रूपांतर करायची घाई करू नका. जो बोर्ड नापास झाला तोच, त्याच फर्मवेअरसह, त्याच केबलसह टेबलावर मोजा. ही तुमची आधाररेषा. लॅबमध्ये १२५ मेगाहर्ट्झची रेघ मर्यादेच्या ७ डीबी वर होती असं धरा. मग टेबलावर तीच रेघ आधाररेषेपेक्षा किमान १३ डीबी खाली आणायची: ७ डीबी मर्यादेपर्यंत आणि त्याखाली ६ डीबी सुरक्षिततेसाठी. वेगवेगळ्या लॅबच्या मोजणीत काही डीबींचा फरक सहज पडतो, त्यामुळे काठावर पास झालेला बोर्ड माझ्या लेखी पास नाही.

रेघ कुठून येते

दोन शेजारच्या रेघांमधलं अंतर मोजा. बहुतेक वेळा तेच मूळ क्लॉकची वारंवारता सांगतं. रेघा १२५, १७५, २२५ अशा असतील तर मधलं अंतर ५०, पण हे सगळे आकडे २५ च्या विषम पटी आहेत. चौकोनी क्लॉकचे विषम हार्मोनिक, म्हणजे मूळ वारंवारतेच्या विषम पटीतल्या रेघा, जोरकस असतात, त्यामुळे इथे संशय २५ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर किंवा त्याच्या पुढच्या क्लॉक रेघेवर जातो. इथरनेट असलेल्या बोर्डावर २५ आणि ५० मेगाहर्ट्झ दोन्ही असतात आणि ५० च्या पटीतली रेघ कोणाची ते आलेखावरून कळत नाही. अशा वेळी फर्मवेअरमधून एक क्लॉक बंद करून बघणं हाच खरा उपाय. प्रत्येक पेरिफेरल वेगळं बंद करता येईल असं एक चाचणी फर्मवेअर सुरुवातीलाच लिहून ठेवा. संपूर्ण कामात याच्याइतका वेळ वाचवणारी दुसरी गोष्ट नाही.

वेगळ्या रेघा नसून रुंद फुगवटा दिसत असेल, विशेषतः १०० ते २०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान, तर स्विचिंग रेग्युलेटरच्या स्विच नोडवरचं (सतत चालू-बंद होणाऱ्या जोडावरचं) रिंगिंग, म्हणजे कडेनंतरची थरथर, तपासा. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची लांब ग्राउंड वायर काढून, छोट्या स्प्रिंगने ग्राउंड घेऊन बघा. कडेला थरथर दिसली तर तिची वारंवारता फुगवट्याच्या शिखराशी जुळते का, ते पाहा.

एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. एमिशन कुठवर पसरेल हे क्लॉकच्या वारंवारतेपेक्षा त्याची कड किती वेगाने चढते यावर जास्त अवलंबून असतं. चढायला १ नॅनोसेकंद लागत असेल तर ऊर्जा साधारण ३१८ मेगाहर्ट्झपर्यंत भरघोस असते आणि त्यानंतर झपाट्याने उतरते. हा आकडा पाय (३.१४) गुणिले चढण्याचा वेळ, या गुणाकाराचा व्यस्तांक आहे. म्हणून १ मेगाहर्ट्झवर चालणारी एसपीआय (चिपांमधली डेटाची जोडणी) निरुपद्रवी मानू नका. तिची वायर बोर्डाबाहेर सेन्सरपर्यंत जात असेल तर ती आधी तपासा.

दुरुस्ती, ज्या क्रमाने मी करेन त्या क्रमाने

सुरुवात फर्मवेअरपासून करा, कारण तिथे काहीच खर्च नाही. एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रत्येक पिनचा वेग ओस्पीडआर रजिस्टरमधून ठरतो, आणि इकडून तिकडून उचललेल्या उदाहरणांत तो बऱ्याचदा सर्वोच्च ठेवलेला असतो. आरपी२०४० मायक्रोकंट्रोलरमध्ये पिनची ताकद २, ४, ८ किंवा १२ मिलिअँपिअर निवडता येते आणि स्लू रेटही (कड चढण्याचा वेग) कमी करता येतो. काम होईल तेवढीच ताकद द्या. न वापरलेला क्लॉक आउटपुट चालू राहिला असेल तर बंद करा. नुसत्या याने पास झालेले बोर्ड आहेत.

मग यूएसबी कनेक्टरचं धातूचं आवरण बघा. हौशी बोर्डांवर ते ग्राउंडला १ मेगाओहम आणि कपॅसिटरने, किंवा फेराइट बीडने जोडण्याची पद्धत फार पसरली आहे. धातूच्या पेटीत बसणाऱ्या, पेटीला वेगळं अर्थिंग असणाऱ्या उपकरणात त्याचा उपयोग असू शकतो. प्लास्टिकच्या डबीतल्या किंवा उघड्या बोर्डावर मात्र केबलचं शील्ड परतीच्या वाटेशी नीट जोडलेलंच राहत नाही. मग बोर्डाच्या ग्राउंडवरचा गोंगाट आणि शील्ड यांच्यात व्होल्टेजचा फरक पडतो आणि तो फरकच केबलला ढकलत राहतो. प्रयोग म्हणून तो बीड काढून तिथे ० ओहम लावा, आवरणाच्या चारही पायांना जवळच्या ग्राउंडशी तांब्याच्या पट्टीने जोडा आणि प्रोबचा आकडा बघा. अशा बोर्डांवर माझा पहिला संशय याच जागेवर असतो. पुढच्या आवृत्तीत आवरण सरळ ग्राउंड प्लेनला (ग्राउंडच्या पसरट तांब्याच्या थराला), भरपूर व्हायांनी (थर जोडणाऱ्या भोकांनी) जोडा.

क्लॉक आणि वेगवान डेटाच्या रेघांवर स्रोताला खेटून २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर बसवा. तो मधे कुठेतरी किंवा शेवटी लावून उपयोग नाही, चिपच्या पायालाच हवा. डिझाइन करतानाच त्याची जागा ठेवा आणि सुरुवातीला ० ओहम लावा. नंतर बदलणं दोन मिनिटांचं काम.

ग्राउंड प्लेनमध्ये फट असेल आणि तिच्यावरून वेगवान रेघ जात असेल तर परतीचा करंट वळसा घेतो, आणि त्या वळशामुळे ग्राउंडच्या दोन भागांत व्होल्टेज तयार होतं. एका भागाला यूएसबी केबल आणि दुसऱ्याला सेन्सरची वायर जोडली की दोन बाहू असलेली अँटेना आपणच उभी केली. अॅनालॉग आणि डिजिटल ग्राउंड वेगळे ठेवण्याच्या हौसेतून हे फार होतं. माझ्या मते दोन थरांच्या बोर्डावर एकच अखंड ग्राउंड ठेवून सर्किटचे भाग जागेने वेगळे करणं जवळजवळ नेहमीच बरं. तपासायचं असेल तर फटीवर तांब्याची पट्टी जागोजागी सोल्डर करून पूल बांधा आणि परत मोजा. चार थरांचा बोर्ड परवडत असेल तर हा प्रश्न बहुतेक उरतच नाही.

हेडर पिनांचं दुखणं खास डेव्हलपमेंट बोर्डांचं. वापरणारा त्यावर काय लावेल हे आपल्या हातात नाही, पण ग्राउंडच्या पिना कुठे ठेवायच्या हे आहे. रास्पबेरी पायच्या ४० पिनांच्या हेडरवर ८ पिना ग्राउंडच्या आहेत आणि त्या विखुरलेल्या आहेत. एका टोकाला एकच ग्राउंड ठेवला की दूरच्या सिग्नलची परतीची वाट तेवढीच लांब होते.

रेग्युलेटरच्या रिंगिंगला स्विच नोड ते ग्राउंड असा रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर लागतो. पण त्याआधी इनपुट कपॅसिटर चिपच्या पायांना किती जवळ आहे ते बघा. तो दूर असेल तर स्नबर फक्त लक्षण झाकतो.

आता फेराइटबद्दल. केबलवर, बोर्डाच्या अगदी जवळ फेराइट चढवल्याने रेघ खाली आली तर निदान पक्कं झालं. पण ते निदान आहे, इलाज नाही. ग्राहक बोर्डाला स्वतःची केबल लावणार. एफसीसीच्या नियमांप्रमाणे खास जोडसाहित्यावाचून बोर्ड मर्यादेत बसत नसेल, तर ते साहित्य बोर्डाबरोबरच विकावं लागतं. केबल न देता बोर्ड विकायचा असेल तर यूएसबीच्या डेटा रेघांवर कॉमन मोड चोक (कॉमन मोड करंट अडवणारी गुंडाळी) बोर्डावरच बसवा, आणि वरची ग्राउंडची कामं आधी करा. ग्राउंड आणि आवरण कच्चं असताना डेटा रेघांवर चोक लावून फारसं हाती लागत नाही, कारण करंट आवरणावरून आणि ग्राउंडच्या तारेवरून जातच राहतो.

दुरुस्ती करताना एक पथ्य पाळा: फरक पडला नाही म्हणून केलेला बदल लगेच काढून टाकू नका. एक वाट दुसरीपेक्षा २० डीबीने वरचढ असेल तर लहान वाट पूर्ण बंद केली तरी एकूण आकड्यात १ डीबीचाही फरक दिसत नाही. मोठी वाट बंद केल्यावर मग त्या लहान वाटेचा हिशोब समोर येतो. म्हणून बदल साठवत जा, रेघ हव्या त्या पातळीच्या खाली गेली की एकेक काढून कोणता खरंच लागतो ते बघा. "एक रेघ बसते, दुसरी उठते" या तक्रारीचं मूळ बऱ्याच वेळा एकेक बदल करून तो परत काढण्यात असतं.

नियमांचे काही गैरसमज, थोडक्यात

मान्यता मिळालेलं मॉड्यूल लावलं की बोर्ड मान्य झाला, हा सगळ्यात महागात पडणारा समज. मॉड्यूलची मान्यता त्यातल्या रेडिओपुरती. बोर्डावरचा प्रोसेसर, मेमरी, रेग्युलेटर यांचं एमिशन तुमच्या खात्यावर जमा होतं.

"हा तर अपूर्ण बोर्ड, तयार वस्तू नव्हे" हाही युक्तिवाद चालत नाही. २०१२ मध्ये पहिल्या रास्पबेरी पायच्या बाबतीत वितरकांनी युरोपच्या नियमांत बसल्याचं सांगणाऱ्या सीई चिन्हाशिवाय माल पाठवायला नकार दिला, आणि त्या एप्रिलमध्ये चाचण्या पार पडल्यावरच बोर्ड ग्राहकांकडे निघाले. युरोपच्या रेडिओ उपकरणांच्या २०१४/५३/ईयू निर्देशातली इव्हॅल्युएशन किटची (आजमावून बघायच्या किटची) सूट व्यावसायिकांसाठी मुद्दाम बनवलेल्या आणि फक्त संशोधन-विकास केंद्रांत वापरायच्या किटपुरती आहे. रेडिओ हौशींनी स्वतः जोडायच्या रेडिओ किटना वेगळी सूट आहे. अमेरिकेत स्वतःसाठी बनवलेल्या, न विकलेल्या, किटमधून न जोडलेल्या ५ नगांपर्यंत परवान्याची गरज नाही, मात्र कुणाच्या रेडिओला त्रास होता कामा नये.

किती वरपर्यंत मोजणार हेही आधी बघून ठेवा. एफसीसीच्या हिशोबात बोर्डावरची सर्वोच्च वारंवारता १०८ मेगाहर्ट्झपर्यंत असेल तर १ गिगाहर्ट्झपर्यंत, १०८ ते ५०० मध्ये असेल तर २ गिगाहर्ट्झपर्यंत मोजतात. आरपी२०४० १२५ मेगाहर्ट्झवर चालवला की तुम्ही दुसऱ्या गटात गेलात.

परत लॅबमध्ये जाताना

औपचारिक चाचणी लगेच मागू नका. आधी पूर्वतपासणीचा वेळ घ्या, ज्यात बोर्डाला हात लावता येतो. बरोबर तांब्याची पट्टी, दोन-तीन प्रकारचे फेराइट, रेझिस्टर, कपॅसिटर, सोल्डरिंगची साधनं आणि सुधारलेल्या बोर्डाबरोबर जुना, न सुधारलेला बोर्डही न्या. जुन्याची मोजणी मागच्या अहवालाशी जुळली तर मांडणी तीच आहे हे कळतं आणि पुढची मोजणी विश्वासाने घेता येते.

बोर्डाला जोडलेला लॅपटॉप आणि चार्जर यांचं एमिशन बोर्डाशिवाय वेगळं मोजायला सांगा. स्वस्त चार्जरने स्वतःच मर्यादा ओलांडली असेल तर दिवसभर बोर्डाला दोष देऊन काही हाती लागणार नाही. फर्मवेअर असं हवं की सगळे पोर्ट चालू राहतील आणि माणूस खोलीत नसताना तास-दोन तास अडणार नाही. केबलची मांडणी फोटोत टिपून ठेवा. बोर्ड ८० सेंटिमीटर उंच टेबलावर फिरतो, अँटेना १ ते ४ मीटर वर-खाली होते, उभी आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी मोजते. सगळ्यात वाईट कोन तेवढा अहवालात येतो, तो कोणता होता हे लिहून घ्या.

पटकन घेतलेला आलेख पीक डिटेक्टरचा असतो, मर्यादा क्वासी-पीकची, म्हणजे शिखर किती वेळा येतं तेही धरून मोजणाऱ्या डिटेक्टरची. क्वासी-पीक आकडा पीकपेक्षा जास्त कधीच नसतो, त्यामुळे पीक मर्यादेखाली असेल तर ती रेघ सोडून पुढे जा. एखादा आलेख १० मीटरचा आणि दुसरा ३ मीटरचा असेल तर मधला फरक साधारण १०.५ डीबीचा धरा. सीस्पर ३२ या आंतरराष्ट्रीय मानकातली क्लास बीची १० मीटरवरची ३० डीबीची मर्यादा ३ मीटरवर ४० होते, ती यामुळेच.

केबल काढूनही रेघ राहिली तर

मग ती बहुधा ३०० मेगाहर्ट्झच्या वरची असते आणि बोर्डावरूनच निघते. कोअॅक्सच्या टोकाला १ सेंटिमीटरचं वेटोळं करून निअर-फील्ड प्रोब बनवा आणि बोर्डावरून फिरवा. मेमरीच्या रेघा, डिस्प्लेची चपटी केबल, मोठा हीटसिंक, या तीन जागा आधी बघा. हीटसिंक ग्राउंडला जोडलेला नसेल तर चिपवरचा गोंगाट त्याच्यावर चढतो आणि तो स्वतः अँटेना होतो. त्याचे पाय ग्राउंडला किमान दोन-तीन ठिकाणी जोडून परत मोजा. चपट्या केबलमध्ये सिग्नलमागे सिग्नल असेल तर मधेमधे ग्राउंडच्या तारा घाला. प्रोब कुठेतरी जोरात बोलतो म्हणून तीच जागा दोषी असं मात्र समजू नका. जवळचं क्षेत्र जोरदार असूनही दूर काहीच पोचत नाही असं नेहमी घडतं. जागा सापडली की तिथला सिग्नल फर्मवेअरने बंद करा आणि दूर ठेवलेल्या अँटेनावरची रेघ त्याबरोबर खाली जाते का, ते बघूनच सोल्डरिंगला हात घाला.